नारोशंकराची घंटा आणि युट्रेख्तचा मनोरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या आपल्या अंकात रोज वाचतो. घाट, पूल, रस्ते, वाहनतळ, नदीकाठची रोषणाई, सगळ्यांवर भरपूर लिहून येतं. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर मात्र एक वस्तू टांगलेली आहे, तिच्याबद्दल या सगळ्या धामधुमीत कोणी अवाक्षर काढलेलं माझ्या वाचनात आलं नाही. ती म्हणजे पंचवटीतल्या देवळाच्या दरवाजावरची नारोशंकराची घंटा. तिच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबेल, पण जमल्यास न कापता छापावं ही विनंती.

मी जातीने आणि धंद्याने तांबट. वडिलांचं दुकान भांडी बाजारात होतं, मागे भट्टी होती. हंडे, घागरी, बंब, पराती ठोकण्यात आमच्या घरातल्या माणसांची हयात गेली. ओतकाम आमचं नव्हे, ते ओतारी करत. पण देवळाच्या घंटा आमच्या दुकानात विकायला असत आणि गिऱ्हाइकाला घंटा दाखवताना कान कसा लावायचा हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. काश्याची घंटा चांगली उतरली असेल तर टिचकी मारल्यावर आवाज बराच वेळ रेंगाळतो. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल किंवा केसाएवढी चीर गेली असेल तर ती बद्द वाजते. डोळ्यांना फसवता येतं, कानाला नाही, असं ते म्हणत.

माझी लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये असतात, युट्रेख्त शहरात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे मुक्काम होता. घर शहराच्या जुन्या भागाजवळच असल्यामुळे दर पंधरा मिनिटांनी घंटांचे सूर खिडकीतून आत यायचे. एकच टोल नव्हे, अख्खी धून. पहिल्याच सकाळी मी लेकीला विचारलं, हे कुठून येतं? तिने खिडकीतून बोट दाखवलं. समोरच्या घरांच्या कौलांच्या वर दगडी मनोऱ्याचं टोक दिसत होतं. "डोमतोरेन," ती म्हणाली. "वर जाता येतं अण्णा, पण चारशे पासष्ट पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही." सप्तशृंगीची पायवाट पायाखालची असलेल्या माणसाला पायऱ्यांचं भय नव्हतं. मला घंटा जवळून बघायच्या होत्या. तिने त्याच आठवड्याची तिकिटं काढली. एकट्याने वर जाऊ देत नाहीत, ठरलेल्या वेळी ठरावीक माणसांचा गट करून गाईडबरोबरच सोडतात.

मनोऱ्याबद्दल थोडं सांगतो. उंची सुमारे ११२ मीटर. त्या देशातला हा सर्वांत उंच चर्चचा मनोरा. १३२१ साली काम सुरू झालं आणि १३८२ साली पूर्ण झालं, म्हणजे पायाचा दगड बसवणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी कळस पाहिला असेल. खाली दोन चौकोनी टप्पे एकावर एक, त्यावर आठ बाजूंचा, बारीक खांबांचा, आरपार उजेड दिसणारा तिसरा टप्पा. तळाशी मोठी कमान आहे आणि तिच्यातून चक्क रस्ता जातो. लोक सायकलींवरून मनोऱ्याच्या पोटातून निघून जातात.

कमानीतून पलीकडे गेलं की मोकळा चौक लागतो आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला चर्च. मनोरा इकडे, चर्च तिकडे, मध्ये काहीच नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कोडंच वाटतं. गाईडबाईंनी कारण सांगितलं. पूर्वी मध्ये चर्चचा लांबलचक मधला भाग होता. पैसे कमी पडत गेल्यामुळे त्याला पुरेसा आधार देऊन तो मजबूत करणं राहून गेलं होतं. १ ऑगस्ट १६७४ ला भयंकर वादळ झालं आणि तो अख्खा भाग कोसळला. मनोऱ्याला काही झालं नाही. पडलेल्या दगडांचा ढिगारा तिथे दीडशे वर्षं तसाच होता, १८२६ साली तो उचलला गेला. आज त्या जागी फरसबंदीत वेगळ्या रंगाचे दगड बसवून जुन्या खांबांच्या आणि भिंतींच्या जागा दाखवल्या आहेत. आपण चौकातून चालतो तेव्हा खरं तर चर्चच्या आतून चालत असतो.

जिना सुरू झाला तो गोल, दगडी आणि अरुंद. मधल्या खांबाकडे पायरी टाचेएवढीही उरत नाही, म्हणून भिंतीकडच्या बाजूने चढायचं. पायऱ्यांच्या मध्यावर झिजून खळगे पडले आहेत. धरायला कठडा किंवा दोर आहे, बारीक खिडक्यांतून थोडा उजेड येतो. मध्ये मध्ये दालनं लागतात आणि तिथे गाईडबाई सगळ्यांना दम खायला थांबवून माहिती सांगत. पहिल्या मोठ्या दालनात बिशपचं खासगी प्रार्थनास्थळ होतं. त्या काळी मनोऱ्यावर राखणदार असायचा, आग लागली किंवा शत्रू दिसला की तो इशारा द्यायचा. हे सगळं मी ऐकत होतो, पण माझं चित्त वरच्या मजल्यावर होतं.

घंटांच्या दालनात शिरलो तेव्हा काही वेळ मी बोलू शकलो नाही. ओकच्या जाडजूड तुळयांचा सांगाडा, माणसाच्या कमरेएवढी एकेक तुळई, आणि त्यात टांगलेल्या घंटा. सर्वांत मोठीचं नाव साल्वाटोर. वजन ८,२०० किलो, तोंडाचा व्यास सव्वादोन मीटर. मी तिच्या कडेला उभा राहिलो तेव्हा तिच्या खाली आमच्या दुकानातला मोठ्यात मोठा बंब सहज मावला असता. १५०५ आणि १५०६ या दोन वर्षांत खीर्ट व्हान वाऊ नावाच्या ओतणाऱ्याने या मनोऱ्यासाठी तेरा घंटा ओतल्या. हा काम्पेन गावचा कारागीर, त्या काळातला त्या भागातला सर्वांत नावाजलेला. जर्मनीतल्या एरफुर्टची ग्लोरिओसा नावाची प्रसिद्ध घंटा १४९७ साली त्यानेच ओतली. तेरापैकी सहा मोठ्या अजून जागेवर आहेत. लहान सात पुढे १६६४ साली विकल्या गेल्या आणि त्या पैशांतून नवा घंटासंच घेतला गेला. त्या सातांची उणीव १९८२ मध्ये नव्या घंटा ओतून भरून काढली.

आठ टन काशाची ओत म्हणजे काय हे ज्याने भट्टी पाहिली आहे त्यालाच कळेल. तांबं साधारण अठ्ठ्याहत्तर ते ऐंशी टक्के, बाकी कथील. खड्ड्यात मातीचा साचा, आत गाभा, बाहेर कवच, आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत वितळलेली धातू एका दमात जायला हवी. मध्ये धार तुटली की संपलं. साचा ओला राहिला तर वाफ धरून फुटेल. नंतर कितीतरी दिवस ते तसंच थंड होऊ द्यायचं, घाई केली की चीर. हे सगळं थर्मामीटर नसताना, ज्वाळेचा रंग बघून. त्या माणसाच्या पुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

गाईडबाईंना लेकीने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे माझे वडील, तांबे-पितळेचं काम करणाऱ्या घरातले आहेत." त्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, हात ठेवा तिच्या कडेवर. आणि त्यांनी मुठीच्या मऊ बाजूने साल्वाटोरच्या कडेवर हलकेच थाप मारली. आवाज जेमतेम ऐकू आला. पण माझ्या तळव्याला तो लागला, मग मनगटाला, मग कोपरापर्यंत आला आणि तिथेच राहिला. बराच वेळ. पाचशे वर्षांपूर्वीची ओत आहे आणि त्यात एक दोष नाही, हे मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

या घंटा मोटारीने वाजत नाहीत. दोर ओढून माणसं वाजवतात. युट्रेख्तमध्ये घंटा वाजवणाऱ्यांची एक मंडळी आहे, १९७९ साली स्थापन झालेली. सगळे स्वयंसेवक, पगार कोणालाच नाही. नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त माणसं, आठवड्याची सुट्टी आणि सणावाराचे दिवस वाटून घेऊन गावातल्या जुन्या चर्चच्या घंटा वाजवतात. नव्या माणसाला आधी शिकावं लागतं. तिकडची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्या देवळात घंटा जागेवर असते आणि आपण आतला लोळा हलवतो. तिकडे अख्खी घंटा तिच्या आडव्या लाकडासकट झोक्यासारखी हलवतात. आठ टनांचा झोका एकट्यादुकट्याच्याने हलत नाही, सगळ्यांनी एका लयीत ओढावं लागतं आणि थांबवतानाही तितकंच सांभाळावं लागतं. लाकडी सांगाडा मुद्दाम ठेवला आहे, तो हिसका सोसतो, भिंतीच्या दगडाला जाऊ देत नाही.

याच्या वर दुसऱ्या दालनात लहान घंटांचा संच आहे, ज्याच्या धुना मी रोज ऐकत होतो. एकूण पन्नास घंटा. यांपैकी जुन्या घंटा, हेमोनी आडनावाच्या घंटा ओतणाऱ्या भावांपैकी फ्रांस्वाने १६६४ च्या सुमारास ओतल्या. वाजवणारा लाकडी दांड्यांच्या पेटीपुढे बसून मुठींनी आणि पायांनी दांडे दाबतो, प्रत्येक दांड्याची तार एकेका घंटेच्या लोळ्याला जोडलेली आहे. आणि वाजवणारा नसेल तेव्हा सतराव्या शतकातला एक भलामोठा धातूचा पिंप फिरतो. त्याच्यावर असंख्य भोकं आणि त्यांत बसवलेल्या खुंट्या, फिरताना खुंट्या तारा ओढतात आणि धून वाजते. खुंट्या बदलल्या की धून बदलते. आम्ही शेजारी उभे असतानाच पाव तास भरला. पिंप कुरकुरत हललं, तारा ताणल्या गेल्या, आणि डोक्यावर सूर सुरू झाले. माझी नात कानांवर हात ठेवून हसत होती.

आता जे सांगतो ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. घंटेचा आवाज एक स्वर नसतो. त्यात निदान पाच स्वर एकदम बोलतात. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज, त्याच्या खालचा खर्जाचा षड्ज, वरचा तार षड्ज, पंचम आणि कोमल गंधार. हा कोमल गंधार आहे म्हणून चर्चच्या घंटेत ती उदास गोडी असते. हे पाचही एकमेकांशी जुळले तर घंटा सुरेल, नाहीतर नुसतीच मोठ्याने वाजते. हे कोणी ओळखलं? याच मनोऱ्यावर १६२५ पासून घंटा वाजवणाऱ्या याकोप व्हान एक नावाच्या आंधळ्या माणसाने. जन्मांध होता म्हणतात. तो घंटेच्या कडेशी वेगवेगळे सूर लावायचा आणि कोणत्या सुराला घंटा आपणहून साद देते ते ऐकायचा. त्यावरून घंटेचा आकार आणि तिच्या पोटातले स्वर यांचं नातं त्याने उलगडलं. मग हेमोनी बंधू आणि तो एकत्र आले. ओतलेल्या घंटेच्या आतल्या बाजूची धातू नेमक्या जागी खरवडून ते तिचे स्वर जुळवू लागले आणि १६४४ साली झुटफेन गावात पहिला नीट सुरात लावलेला घंटासंच उभा राहिला. व्हान एक १६५७ साली गेला. त्याच्या स्वतःच्या मनोऱ्यावरचा हेमोनी संच त्यानंतर आला. तो त्याला ऐकायला मिळाला नाही, याची मला फार हळहळ वाटली.

हाच माणूस बासरीही वाजवायचा. युट्रेख्तच्याच दुसऱ्या एका चर्चने त्याचा पगार वाढवून दिला तो या अटीवर, की संध्याकाळी आवारात फिरायला येणाऱ्यांना त्याने अधूनमधून बासरी ऐकवावी.

वर, पंचाण्णव मीटरवरच्या सज्जात पोचल्यावर सगळ्यांनी फोटो काढले. सपाट प्रदेश, कालव्याची वळणं, लाल कौलं. हवा स्वच्छ असली तर ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम दोन्ही दिसतात, आम्हाला एकच दिसलं. दगडाचं काम मात्र वरून नीट बघता आलं. २०१९ पासून सुमारे पाच वर्षं अख्खा मनोरा पराच्यांनी झाकलेला होता, झिजलेले दगड काढून नवे कोरून बसवले. जुना काळवंडलेला आणि नवा फिकट दगड शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही एकसारखे दिसावेत म्हणून रंग फासलेला नाही. मनोरा नगरपालिकेच्या मालकीचा आहे. डागडुजी नगरपालिका करते, आणि तिकीट काढून चढणारा माणूस आपले पैसे कशाला लागले ते डोळ्यांनी बघून खाली उतरतो.

संपादक महोदय, आता आपल्या घंटेकडे येतो.

पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी पंचवटीतलं रामेश्वराचं देऊळ १७४७ साली बांधलं. त्याच्या दरवाजावर जी घंटा आहे तिच्यावर १७२१ हा सनाचा आकडा आहे. देवळाहून घंटा जुनी. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयानंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या आणि ही त्यांतलीच एक, असं नाशकात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भीमाशंकरच्या देवळापुढे १७२९ चा आकडा आणि क्रूस असलेली घंटा आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, आणखीही आहेत. म्हणजे मी युट्रेख्तमध्ये ज्या विद्येपुढे हात जोडले, तीच विद्या गोदावरीच्या काठावर पावणेतीनशे वर्षं टांगलेली आहे. हेमोनींनंतरच्या शतकातली युरोपी पद्धतीची ओत आपल्या गावात आहे.

आणखी एक गोष्ट तांबट म्हणून सांगतो. घंटेची धातू आणि तोफेची धातू या सख्ख्या बहिणी. दोन्हींत तांबं आणि कथीलच, तोफेत कथील कमी एवढंच. म्हणून युद्ध आलं की घंटा वितळवून तोफा करायच्या आणि युद्ध जिंकलं की शत्रूच्या तोफांच्या घंटा करायच्या, हे युरोपात शतकानुशतकं चाललं. जर्मनीत कोलोनच्या चर्चमध्ये फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून सत्तावीस टनांची घंटा ओतली होती, ती १९१८ साली युद्धासाठीच पुन्हा वितळवली. मराठ्यांनाही तोफांची ओढ होतीच, तांबं आणि कथील काही फुकट मिळत नव्हतं. तरीही वसईच्या या घंटा भट्टीत गेल्या नाहीत. त्यांवरचे क्रूस आणि परक्या लिपीतली अक्षरं खरवडून न काढता त्या महादेवापुढे टांगल्या. माझ्या मते हे आपल्या पूर्वजांच्या मोठेपणाचं लक्षण आहे आणि त्या मोठेपणाला जागणं आपल्यावर आहे.

जुन्या नाशिककरांना ही घंटा पुरामुळे ठाऊक आहे. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं का, यावर पूर किती मोठा ते ठरायचं. नव्या पिढीला एवढंही ठाऊक नाही. मी परत आल्यावर नातवंडांच्या वयाच्या काही मुलांना घाटावर विचारलं, वर काय टांगलंय? एकानेही वर पाहिलेलं नव्हतं.

माझं मागणं मोठं नाही. सिंहस्थासाठी घाटावर पराच्या, शिड्या, कारागीर, सगळं आणलंच जाणार आहे. त्याच वेळी घंटेची एकदा नीट तपासणी व्हावी. तोंडाचा व्यास, उंची, कडेची जाडी मोजावी, अक्षरांचे आणि नक्षीचे ठसे घ्यावेत, चारही बाजूंनी फोटो काढावेत. ज्या लोखंडावर किंवा लाकडावर ती टांगली आहे ते किती गंजलं, किती कुजलं ते बघावं. घंटा सहसा स्वतः पडत नाही, तिची टांगणी तुटते. लोळा जिथे आदळतो तिथे कड झिजून बसली असेल तर तिकडे घंटाच थोडी फिरवून टांगतात, म्हणजे लोळा नव्या जागी लागतो. लोळ्याचं लोखंड घंटेपेक्षा मऊ हवं, नाहीतर घंटा तडकते. आणि तिचा आवाज एकदा चांगल्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. आपल्या गावात शास्त्रीय संगीताचे जाणकार कमी नाहीत, त्यांनी तिच्यातले स्वर ओळखून द्यावेत. कोमल गंधार लागतो का हे मला स्वतःला फार ऐकायचं आहे.

काय करू नये हेही सांगतो, कारण सणाच्या आधी उत्साहाच्या भरात हेच होतं. घंटेला रंग लावू नये, सोनेरी तर मुळीच नको. चिंच, लिंबू, आम्ल, वाळू, कशानेही घासून लखलखीत करू नये. भांडं घासायचं ते त्यात शिजवायचं असतं म्हणून. घंटेवर आलेली हिरवट-काळी साय तिला पुढच्या गंजापासून राखते, आणि घासताना आधी अक्षरं जातात. कुठे चीर दिसलीच तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून सांधून घेऊ नये. कासं असं एका जागी तापवलं की चीर वाढते. जर्मनीत अख्खी घंटा भट्टीत हळूहळू तापवून चीर सांधणारे कारागीर आहेत, तोपर्यंत ती न वाजवता तशीच राखून ठेवता येते. आणि ती काढून संग्रहालयात नेऊ नये. संग्रहालयात घंटा मुकी होते.

तपासणीत टांगणी भक्कम निघाली तर वर्षातून काही ठरावीक दिवशी, महाशिवरात्रीला, श्रावणी सोमवारी, शिकलेल्या माणसांच्या हातून ती वाजावी. तिकडच्यासारखी स्वयंसेवकांची मंडळी इथेही उभी राहू शकते. नाशकात ढोलपथकांना तरुण पोरं मिळतात, महिनोन्‌महिने सराव करतात, हात सोलवटून घेतात. त्यांतल्या दहा जणांना ही घंटा कोणी ओतली, कुठून आली, कशी वाजवायची हे कोणीतरी सांगायला हवं. खाली मराठीत एक फलकही हवा: सन, देऊळ, वसई, पुराच्या खुणा. एवढं लिहिलं तरी वाचणारा माणूस मान वर करेल. आणि ज्या ज्या गावच्या देवळात वसईची म्हणून घंटा आहे तिथल्या आपल्या वाचकांनी तिचा फोटो आणि तिच्यावरचा आकडा आपल्याकडे पाठवला, तर पुरवणीच्या एका अंकात त्यांची यादी छापता येईल. माझ्या माहितीच्या पलीकडच्या कितीतरी निघतील.

खर्चाचा प्रश्न निघेल म्हणून आधीच लिहितो. मोजमापाला पैसे लागत नाहीत. तांबट आणि ओतारी समाजात अजून कान आणि हात शाबूत असलेली मंडळी आहेत. मी तिघांशी बोललो, तिघेही विनामोबदला यायला तयार आहेत. एकाकडे मोठा कंपास आहे, ज्याने घंटेच्या कडेची जाडी आतून-बाहेरून मोजता येते. देवस्थानाची आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी, एक मजबूत पराची आणि गर्दी नसलेली एक सकाळ, एवढंच हवं आहे. पावसाळा सुरू व्हायच्या आत झालं तर बरं, पाणी चढलं की मग दसऱ्यापर्यंत काही करता येणार नाही. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे. संबंधितांपैकी कोणीही बोलावलं तर मी त्याच दिवशी येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भांडी बाजारातला एक तांबट,
नाशिक